जॅमर, भिजलेले टोकन आणि २२१० रुपये : बेळगावातील एका पार्किंग तक्रारीचा अभ्यास

चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात मोडत असला, तरी रात्री-अपरात्री दुखणे उद्भवले की तिथल्या माणसाला पहिल्यांदा आठवते ते बेळगाव. कोल्हापूर १०० किलोमीटरच्या पलीकडे आणि शिनोळीमार्गे बेळगाव ४० किलोमीटरच्या आसपास, अशा स्थितीत दुसरा विचार करायला कोणाला सवड नसते. त्यामुळे बेळगावातील खासगी रुग्णालयांच्या आवारात ‘केए २२’च्या बरोबरीने ‘एमएच ०९’च्या गाड्या कायम उभ्या दिसतात, आणि त्या गाड्यांचे मालक बहुधा तीन-चार दिवस तिथून हलू शकत नाहीत. पुढील प्रकरण अशाच एका गाडीचे आहे. गाडी माझ्या दाजींची, रुग्ण त्यांची आई, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, आणि तक्रारीची कागदपत्रे तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी बेळगावात राहतो. रुग्णालयाचे आणि पार्किंगच्या ठेकेदाराचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण तडजोड झालेली आहे.

एका शनिवारी रात्री ११ वाजून २० मिनिटांनी दाजींची गाडी रुग्णालयाच्या फाटकातून आत आली. मावशींना धाप लागलेली होती. फाटकावरच्या वॉचमनने वहीत गाडीचा क्रमांक लिहून घेतला आणि खिडकीतून एक छापील टोकन दिले. माझी बहीण अक्का मावशींना घेऊन कॅज्युअल्टीत गेली, दाजींनी तळघरात गाडी लावली. तिथून पुढे मंगळवार सकाळपर्यंत गाडी जागची हलली नाही. हलवण्याचे कारणही नव्हते. मंगळवारी ९ वाजून ५० मिनिटांनी डिस्चार्जचे कागद हातात घेऊन दाजी गाडीपाशी आले, तेव्हा पुढच्या डाव्या चाकाला पिवळा जॅमर लावलेला होता. काचेवर सूचनेची चिठ्ठी नव्हती, फोन आलेला नव्हता. टोकन छत्रीच्या पिशवीत राहून भिजले होते; कागद काळपट पडला होता आणि वेळेचे आकडे गेले होते, मात्र अनुक्रमांकाचे शेवटचे तीन अंक नीट पाहिल्यास वाचता येत होते.

केबिनमधल्या मुलाने चार रकमा एकाखाली एक मांडून २२१० रुपये सांगितले. पार्किंगचे ३१० रुपये, तीन रात्रींचे प्रत्येकी ३०० याप्रमाणे ९०० रुपये, टोकन हरवल्याचा दंड ५०० रुपये आणि जॅमर काढण्याचे ५०० रुपये. दाजींनी टोकन दाखवले, तेव्हा “वाचता येत नाही म्हणजे हरवल्यासारखंच, अण्णा, मालकांनी सांगितलंय तेवढंच घेतो मी,” असे उत्तर मिळाले. बाहेर पोर्चमध्ये मावशी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या होत्या, हातावरची सलाईनची पट्टी अजून निघालेली नव्हती, आणि पावसाची झड आत येत होती. दाजींनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला: “भांडू की भरू?”

मी त्यांना पैसे भरायला सांगितले. हा सल्ला अनेकांना दुबळेपणाचा वाटेल, म्हणून त्याचे कारण सविस्तर देणे आवश्यक आहे. संपूर्ण प्रकरण याच एका निर्णयावर उभे राहिले.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे, ज्या व्यक्तीला चुकीने किंवा जबरदस्तीमुळे पैसे दिले गेले असतील, त्या व्यक्तीने ते परत केले पाहिजेत. या कलमाखाली कायद्याने स्वतःच एक दाखला दिलेला आहे. बेकायदेशीर वाहतूक आकार भरल्याशिवाय माल सोडणार नाही, अशी भूमिका एक रेल्वे कंपनी घेते. माल मिळवण्यासाठी मालाचा हक्कदार मागितलेली रक्कम भरतो. अशा वेळी त्या आकारातील जेवढा भाग बेकायदेशीर आणि जादा आहे, तेवढा परत मिळवण्याचा त्याला अधिकार आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या या दाखल्यात रेल्वे कंपनीच्या जागी पार्किंगचा ठेकेदार आणि मालाच्या जागी गाडी ठेवली, की दाजींची हकीगत जशीच्या तशी उभी राहते. याच अधिनियमाच्या कलम १५ मध्ये जबरदस्तीची व्याख्या देताना, एखाद्याची मालमत्ता बेकायदेशीरपणे अडवून ठेवणे किंवा तशी धमकी देणे यांचाही समावेश केलेला आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की फाटकावर पैसे भरले म्हणून ती आकारणी आपण मान्य केली असे ठरत नाही. मात्र आपण ती मान्य केलेली नव्हती, हे नंतर दाखवता आले पाहिजे. तक्रारी बहुतेक वेळा येथेच लंगड्या पडतात. माणूस रागाने पैसे फेकतो, पावती चुरगाळतो आणि आठ दिवसांनी त्याच्या हातात रागाखेरीज काहीच उरत नाही.

दाजींनी पुढच्या वीस मिनिटांत जे केले, ते मी फोनवरून सांगत होतो, पण शांतपणा त्यांचा होता. पैसे त्यांनी रोख न देता यूपीआयने दिले आणि शेऱ्याच्या जागी ‘हरकत राखून भरले, जॅमर’ एवढे शब्द लिहिले. पैसे पोहोचल्यावर पडद्यावर जे नाव आले, ते रुग्णालयाचे नव्हते आणि टोकनावर छापलेल्या संस्थेचेही नव्हते. ते एका व्यक्तीचे खासगी नाव होते. तो पडदा त्यांनी जपून ठेवला. पावतीपुस्तकातून मिळालेल्या पावतीच्या मागे त्यांनी ‘३१० रुपये मान्य, १९०० रुपये अमान्य’ असे लिहून त्याखाली वेळ आणि सही केली, आणि त्या मुलाला न दुखावता त्याच्याकडूनही आद्याक्षरे घेतली. जॅमर अजून चाकावर असतानाचे फोटो काढले, ज्यात गाडीचा क्रमांक आणि चाक एकाच चौकटीत दिसते. फाटकावरच्या वहीतील फक्त आपल्या गाडीच्या ओळीचा फोटो घेतला. त्या ओळीत शनिवारची तारीख, ११.२० ही वेळ आणि टोकनाचा अनुक्रमांक होता, आणि त्याचे शेवटचे तीन अंक भिजलेल्या टोकनावरच्या अंकांशी जुळत होते. ओळीच्या या फोटोमुळे पुढे टोकनाचा सगळा वाद निम्म्यावर आला. ओले टोकन टाकून न देता डिस्चार्जच्या फाइलमध्ये वाळवून ठेवले.

शेवटचे दोन फोटो फलकांचे होते, आणि मला वाटते सर्वांत मोलाचे तेच ठरले. आत येताना डाव्या हाताला एक मोठा रंगवलेला फलक आहे. त्यावर कन्नड आणि इंग्रजीत दर दिलेले होते: चारचाकीसाठी पहिल्या चार तासांना ३० रुपये, त्यापुढे प्रत्येक चार तासांना किंवा त्यांच्या भागाला २० रुपये. रात्रीच्या आकाराचा, टोकन हरवल्याच्या दंडाचा किंवा जॅमरचा त्यावर उल्लेखही नव्हता. हे तिन्ही आकार होते ते बाहेर पडण्याच्या केबिनच्या काचेला आतून चिकटवलेल्या एका लॅमिनेट केलेल्या कागदावर. म्हणजे गाडी आत नेऊन लावून, तीन दिवसांनी पैसे द्यायला खिडकीपाशी उभे राहिल्यावर ती अट प्रथम डोळ्यांसमोर येत होती.

त्या रात्री बसून मी आकारणीची फोड केली. शनिवारी ११.२० ते मंगळवारी ९.५० हे अंतर ५८ तास ३० मिनिटांचे होते. चार-चार तासांचे पंधरा हिस्से होतात. पहिल्याचे ३० आणि उरलेल्या चौदांचे प्रत्येकी २० याप्रमाणे २८०, एकूण ३१० रुपये. मुलाने मांडलेला हा आकडा बरोबर होता आणि तो आम्ही मान्य केला. दाजींचे म्हणणे होते की रुग्णाच्या नातेवाइकाकडून पार्किंगचे पैसे घेणेच अन्यायाचे आहे, आणि माणुसकीच्या दृष्टीने मलाही ते पटते. परंतु दर फाटकावर लिहिलेला होता, तो वाचून किंवा वाचण्याची संधी असताना गाडी आत नेली होती, आणि सेवा वापरली होती. देणे लागणारी रक्कम नाकारली असती, तर बाकीच्या १९०० रुपयांवरचा आमचा मुद्दाही ‘फुकट पार्किंग मागणाऱ्याची कुरकुर’ म्हणून बाजूला पडला असता. रेल्वेच्या दाखल्यातही परत मिळण्याचा अधिकार आहे तो फक्त जादा भागापुरता.

रात्रीच्या ९०० रुपयांविषयी मुद्दा सरळ होता. चार तासांच्या हिशेबात रात्रीचे तास आधीच धरलेले होते. त्याच तासांसाठी दुसऱ्यांदा पैसे मागितले जात होते. शिवाय ही अट गाडी आत घेताना सांगितली गेली नव्हती. करार होताना जी अट दुसऱ्या पक्षाच्या नजरेस आणून दिलेली नाही, ती नंतर कागद दाखवून त्याच्यावर लादता येत नाही. टोकनाच्या मागे बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ असे छापले होते, पण अटी कोणत्या हे तिथे नव्हते.

टोकनाच्या ५०० रुपयांना दोन उत्तरे होती. पहिले हे, की टोकन हरवलेले नव्हते. दुसरे अधिक महत्त्वाचे: हरवले असते, तरी कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, म्हणून ती आपोआप देय होत नाही, त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या प्रकरणात हेच तत्त्व स्पष्ट केले आहे. टोकन हरवल्यास ठेकेदाराची खरी अडचण ही, की गाडी भलत्याच माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून त्याला ओळख पटवावी लागते. ही काळजी रास्त आहे. गाडीचे नोंदणीपत्र, वाहन परवाना आणि वहीतील नोंद पाहून ती पाच मिनिटांत दूर होते, आणि दाजींकडे तिन्ही गोष्टी होत्या. पाच मिनिटांच्या कामाची भरपाई ५०० रुपये कशी, हा प्रश्न आम्ही पत्रात तसाच विचारला.

जॅमरचा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण इथे पैशांच्या पलीकडे जाऊन दुसऱ्याच्या वस्तूवर ताबा सांगितला गेला होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ मध्ये चाकाला लॉक लावण्याचा उल्लेख आहे. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेल्या, अथवा कायद्याने मनाई असलेल्या जागी उभ्या केलेल्या वाहनाबाबत तसे करण्यास अधिकार क्षेत्रातील गणवेशधारी पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. दाजींची गाडी पार्किंगच्याच जागेत, पार्किंगचे टोकन घेऊन उभी होती, आणि कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याचा येथे संबंध नव्हता. मग ठेकेदाराला गाडी अडवण्याचा अधिकार करार अधिनियमातून मिळतो का, हेही पाहिले. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याला ती अडवून ठेवता येते ती कलम १७० खाली, त्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले असेल तर. गॅरेजवाला दुरुस्तीच्या पैशांसाठी गाडी ठेवून घेऊ शकतो, तो याच आधारावर. नुसती उभी राहिलेली गाडी त्यात बसत नाही. कलम १७१ मध्ये बँका, अडते, धक्क्याचे मालक, उच्च न्यायालयातील वकील आणि विमा दलाल यांना सर्वसाधारण हक्क दिलेला आहे. इतरांना तो स्पष्ट करार असेल तरच मिळतो. असा करार फाटकावरच्या फलकावर नव्हता.

या टप्प्यावर नातेवाइकांकडून आणि मित्रांकडून पुष्कळ मुद्दे सुचवले गेले. त्यांपैकी जे आम्ही जाणीवपूर्वक बाजूला ठेवले, त्यांचाही उल्लेख करतो, कारण तक्रारीत कमकुवत मुद्दा घातला की समोरचा नेमके त्यालाच उत्तर देतो.

गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मॉल आणि तत्सम इमारतींनी पार्किंगचे पैसे घेण्याविरुद्ध निकाल दिला होता, आणि तेलंगण सरकारने २०१८ मध्ये मॉल व मल्टिप्लेक्समध्ये पहिली ३० मिनिटे मोफत करण्याचा आदेश काढला होता. हे दोन्ही दाखले व्हॉट्सॲपवर ‘खासगी जागेत पार्किंगचे पैसे घेणे बेकायदेशीर’ अशा रूपात फिरत असतात. गुजरातचा निकाल तिथल्या नियमांवर उभा आहे आणि कर्नाटकातील न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. तेलंगणाचा आदेश तर त्या राज्याच्या हद्दीबाहेर चालतच नाही. दुसरी सूचना भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली, म्हणजे अन्यायकारक अटकावाची फिर्याद देण्याची होती. ते कलम माणसाला त्याच्या हक्काच्या दिशेने जाण्यापासून अडवण्याविषयी आहे. दाजी आणि मावशी रिक्षाने जाऊ शकत होते, अडली होती ती गाडी. कोणी धक्काबुक्की केली असती किंवा फाटक लावून माणसांना कोंडले असते, तर ११२ वर फोन करण्यास मी क्षणभरही थांबलो नसतो. तिसरी सूचना वस्तू व सेवा कर चुकवल्याचा आरोप करण्याची होती. पार्किंगच्या सेवेवर १८ टक्के कर लागतो आणि पावतीवर नोंदणी क्रमांक नव्हता हे खरे. पण लहान उलाढालीच्या ठेकेदाराला नोंदणी घ्यावी लागत नाही, त्यामुळे चुकवेगिरी झालीच असे आम्हाला ठामपणे म्हणता येत नव्हते. म्हणून आम्ही एवढेच लिहिले की पावतीवर सेवा देणाऱ्याचे नाव, पत्ता आणि अनुक्रमांक नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली विहित पद्धतीने पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि हे सिद्ध करायला त्या पावतीखेरीज दुसरा पुरावा लागत नाही.

फलकावर मराठी नव्हते, हा मुद्दाही आम्ही घेतला नाही. माझ्या मनाला तो लागलेला होता. ज्या रुग्णालयाचे इतके रुग्ण मराठी बोलतात, त्याच्या फाटकावर मराठीत दोन ओळी असाव्यात, असे मला आजही वाटते. पण दाजींना इंग्रजी आकडे वाचता येतात. आमची हरकत अट समजली नाही अशी नव्हती. अट तिथे लिहिलेलीच नव्हती. भाषेचा विषय काढला असता, तर बेळगावात त्या पत्राचे काय झाले असते हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको, आणि १९०० रुपयांचा साधा हिशेब त्याखाली गाडला गेला असता.

पत्र कोणाला लिहायचे, यावर आमच्यात थोडा वाद झाला. दाजींचा राग ठेकेदारावर होता. मी रुग्णालयाच्या प्रशासकांना लिहिण्याचा आग्रह धरला. जागा रुग्णालयाची, ठेका रुग्णालयाने दिलेला, टोकनावर रुग्णालयाचे चिन्ह, आणि रुग्ण म्हणून मावशी तिथे दाखल. ठेकेदार त्यांच्या वतीने पैसे घेत होता. ठेकेदाराला गिऱ्हाईक परत येण्याची फिकीर नसते, रुग्णालयाला असते. हॉटेलच्या पार्किंगमधून १९९८ मध्ये चोरीला गेलेल्या एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये, ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे टोकनावर छापले म्हणून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येणार नाही, असे म्हटले आहे. विषय वेगळा असला, तरी टोकन देऊन गाडी ताब्यात घेणाऱ्या संस्थेवर कर्तव्य येते, एवढे त्यातून आम्हाला पुरेसे होते.

पत्र दीड पानाचे झाले. पहिल्या परिच्छेदात तारखा आणि वेळा, दुसऱ्यात चार रकमांचा तक्ता आणि प्रत्येकीपुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’, तिसऱ्यात कायद्याची कलमे, शेवटी मागणी: १९०० रुपये १५ दिवसांत परत करावेत, आणि शनिवार ते मंगळवार या काळातील फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे. चित्रणाची मागणी पहिल्याच पत्रात करणे महत्त्वाचे असते, कारण जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. पत्र इंग्रजीत लिहिले, एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवली आणि दुसरी मी स्वतः प्रशासन कार्यालयात नेऊन तिसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. खिडकीवरच्या बाईंनी शिक्का द्यायला आधी नकार दिला; मी बाकावर बसून राहिलो, आणि अर्ध्या तासाने त्यांनीच बोलावून तो दिला.

महानगरपालिकेकडे जाण्याची तयारीही ठेवली होती. इमारतीच्या मंजूर नकाशात तळघर अभ्यागतांच्या पार्किंगसाठी दाखवले आहे का आणि तिथे शुल्क घेण्यास काही परवानगी आहे का, हे माहिती अधिकारात विचारायचे होते. सीमाभागातील मराठी माणसाने येथे एक फरक लक्षात ठेवावा. तक्रारीचे निवेदन आपण मराठीत देऊ शकतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणे मांडणारे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाचे तसे नाही. त्या अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत, म्हणजे येथे कन्नडमध्ये, द्यावा लागतो. शिवाय कर्नाटकच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. महाराष्ट्राप्रमाणे येथेही शुल्क १० रुपयेच आहे. आमचा अर्ज ११० शब्दांचा तयार होता, पण तो देण्याची वेळ आली नाही.

पत्रानंतर अकराव्या दिवशी प्रशासन कार्यालयातून दाजींना फोन आला. रात्रीचे ९०० आणि जॅमरचे ५०० असे १४०० रुपये परत देऊ, मात्र टोकनाचे ५०० ‘धोरणाप्रमाणे’ परत मिळणार नाहीत, असे सांगण्यात आले. दाजी तेवढ्यावर मिटवायला तयार होते. भातलावणीचे दिवस होते, आणि ५०० रुपयांसाठी आणखी किती दिवस डोक्याला त्रास करून घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी एवढेच सुचवले की १४०० रुपये घ्यावेत, पण ‘पूर्ण व अंतिम’ अशा शब्दांवर सही करू नये. तसेच झाले. रुग्णालयाने पाठवलेल्या पोच पत्रातील ते तीन शब्द खोडून दाजींनी ‘अंशतः’ असे लिहिले आणि सही केली.

उरलेल्या ५०० साठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येते. दाजींनी शेताच्या बांधावरून फोन करून सगळी हकीगत आपल्या बोलीत सांगितली आणि त्यांना तक्रारीचा क्रमांक मिळाला. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. ती तक्रार समोरच्या पक्षाकडे पाठवते आणि उत्तर मागते. तरीही तिचा उपयोग झाला, असे मला वाटते, कारण आमच्या पत्राला आता बाहेरचा क्रमांक चिकटला होता.

त्याबरोबरच आम्ही दुसरे पत्र पाठवले आणि त्यात पुढची पायरी स्पष्ट केली. दाजींचा समज होता की घटना बेळगावातली, म्हणून दावा बेळगावातच, आणि प्रत्येक तारखेला चंदगडहून हेलपाटा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार देता येते. म्हणजे बेळगाव आणि कोल्हापूर असे दोन्ही पर्याय त्यांना खुले होते. राज्याची सीमा येथे आड येत नाही. सेवेचा मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि अर्ज केल्यास सुनावणी व्हिडिओद्वारे होऊ शकते. अंतराच्या दृष्टीने त्यांना बेळगावच जवळचे होते, पण कोल्हापूरला कागद मराठीत चालतात हा त्यांच्यासाठी मोठा दिलासा होता. तक्रारीच्या मसुद्यात मी एक काळजी घेतली होती. अवाजवी दंड लादणारी अट ‘अनुचित करार’ या व्याख्येत बसते, पण अनुचित करार म्हणून मागायची दाद राज्य आयोगाकडे मागावी लागते, जिल्हा आयोगाकडे नव्हे. म्हणून मसुदा सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन आधारांवरच ठेवला. तो दुसऱ्या पत्राला जोडून पाठवला, ज्यायोगे ही पोकळ धमकी नसून कागद तयार आहेत हे दिसावे.

नऊ दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी बोलणारे गृहस्थ वयस्क होते आणि त्यांनी आमची दोन्ही पत्रे वाचलेली होती. नवीन टोकन आणि ओळख पटवण्याचा खर्च म्हणून ५० रुपये ठेवून घेऊन ४५० परत देऊ, असे त्यांनी सुचवले. दाजींनी फोन माझ्याकडे दिला. मी होकार दिला. टोकन भिजवण्याची चूक आमची होती, त्यावरची वेळ खरोखरच वाचता येत नव्हती, आणि त्या मुलाला वही उलटावी लागली होती. वाजवी भरपाई द्यावी हे आम्हीच कलम ७४ दाखवून सांगत होतो. ५० रुपयांना ती वाजवी नाही असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? एकूण १८५० रुपये परत आले आणि ३६० रुपये खर्च पडले. स्पीड पोस्ट आणि झेरॉक्सचा खर्च मी दाजींकडून घेतला नाही.

जॅमर लावल्याबद्दल लेखी दिलगिरी मागितली होती, ती मिळाली नाही. मानसिक त्रासाची भरपाई आम्ही मागितलीच नव्हती. मावशी त्या सकाळी पाऊण तास पोर्चमध्ये बसल्या होत्या, त्याचे मोल मागावे असे अक्काला वाटत होते, आणि आयोगापर्यंत गेलो असतो तर ते मागितले असते.

महिन्याभराने मावशींना पुन्हा तपासणीसाठी आणले, तेव्हा मी सोबत होतो. फाटकावर नवा फलक लागलेला होता. त्यावर कन्नड, इंग्रजी आणि खाली लहान अक्षरांत मराठी होते. जॅमरचा उल्लेख त्यावर नव्हता, आणि टोकन हरवल्यास ५० रुपये व वाहनाची कागदपत्रे दाखवणे आवश्यक, असे लिहिले होते. चार तासांचे दर तेच होते, मात्र त्यांच्याखाली ‘रात्री ११ ते सकाळी ६, चारचाकी, जादा १०० रुपये’ ही ओळ आता ठळक लाल अक्षरांत, आत येतानाच दिसेल अशी रंगवलेली होती. ही अट आता फाटकावर आहे. तिच्याविरुद्ध आमचे जुने पत्र पूर्वीइतके उपयोगी पडणार नाही, आणि रात्रभर थांबणाऱ्या नातेवाइकाने ती वाचूनच गाडी आत न्यावी. आम्ही सकाळी १० वाजता आत गेलो होतो, दीड वाजता बाहेर पडलो. दाजींनी कोरडे टोकन खिशातून काढून दिले, ३० रुपये भरले आणि पावती मागून घेतली. तिच्यावर या वेळी नाव, पत्ता आणि अनुक्रमांक छापलेला होता.